शरयूकाकूंचा दुधीचा रस

मंडळी, पूर्वरंग झाला, बुक्का लागला, हार गळ्यात पडला. आता जरा मांड्या सैल करा. ज्यांना पाय पसरायचे त्यांनी पसरावेत, फक्त पेटीवाल्या नानांच्या पाठीत लागणार नाहीत एवढं बघा. त्यांची पाठ आधीच धरलेली आहे!

आता मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. देवाची सेवा ज्या रीतीनं करायची, त्याच रीतीनं माणसाची सेवा करता येते का? अं? बघा, पुढं बसलेल्या आजी लगेच मान हलवतायत. होय म्हणतायत. आजी, थांबा! मान एवढ्यात हलवू नका. आख्यान संपल्यावर हलवा, मग उभी हलवा नाहीतर आडवी हलवा, माझी हरकत नाही.

ही गोष्ट कुठल्या पोथीतली नाही. रत्नागिरीकडच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरच्या, एका गावातली आहे. गावाचं नाव घेत नाही, कारण त्या गावचे दोन पाहुणे तिकडं खांबापाशी बसलेत आणि त्यांनी मला आल्याआल्याच दम दिलाय — "बुवा, नाव घेऊ नका हो." नाही घेत! तुम्ही बसा निवांत.

तर त्या गावात केशवाचं देऊळ. कौलारू, पुढं दगडी पायऱ्या, मागं विहीर. आणि देवळाच्या पाखाडीला, त्या दगडी पायवाटेला, लागून घर दिगंबर आगाशे यांचं. गावात सगळे त्यांना दिगूकाका म्हणतात. हे दिगूकाका एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं! घाटातली वळणं, इंजिनाची धग, स्टँडवरचे वडे, आणि चहा — चहा किती, ते विचारू नका. अर्धी साखर गावाला, अर्धी दिगूकाकांना.

मग व्हायचं तेच झालं. पन्नाशीला साखर आली. म्हणजे घरात नव्हे, रक्तात! ती आली ती मुक्कामालाच आली. बारा वर्षं झाली. गोळ्या चालू. आधी तळपायाला मुंग्या यायच्या, मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या, पाय बधिर. चप्पल पायातून निसटून मागं राहायची आणि काका पुढं चालत जायचे, कळायचंच नाही. गुडघे दुखतात, रात्री चारदा उठायचं, सकाळी उठल्यावर अंगात शिसं भरल्यासारखं. तुमच्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? नका, हात वर करू नका. अर्धा मंडप वर जाईल.

पण मंडळी, काकांना दुःख ह्या दुखण्याचं नव्हतं. दुःख होतं पालखीचं.

चैत्रात त्या देवळाचा उत्सव. पाच दिवस रोज संध्याकाळी देव पालखीत बसतो आणि देवळाभोवती भोवत्या होतात. पाच भोवत्या, प्रत्येक भोवतीला वेगळं पद, वेगळा ताल. पालखीच्या पुढच्या उजव्या दांडीला खांदा आगाश्यांच्या घराचा. काकांच्या वडिलांचा होता, मग काकांचा. नोकरीत असतानाही त्या पाच दिवसांची रजा काका कुणाला सोडत नसत. आणि गेल्या वर्षी काय झालं? पहिल्याच भोवतीला पाय कुठं पडतोय ते कळेना. पालखी हलली. देव एका बाजूला झुकला. कुणी काही बोललं नाही हो, पण मागच्या माणसानं हळूच दांडी आपल्या खांद्यावर घेतली. काका ओटीवर जाऊन बसले. उरलेले चार दिवस ते बसूनच होते. टाळ्या वाजवत होते. माणूस टाळ्या वाजवतो आणि डोळे दुसरीकडे असतात, असं बघितलंय ना तुम्ही?

आता त्यांच्या घरातलं दुसरं माणूस. शरयूकाकू.

ह्या बाईची ओळख नीट करून घ्या, कारण आख्यान त्यांचंच आहे. देवळातला रोजचा नैवेद्य काकूंच्या हातचा. सव्वीस वर्षं! सकाळी अंघोळ करून, सोवळं नेसून, चूल वेगळी, भांडी वेगळी. भात, वरण, एक भाजी, एक गोड. आणि नेम असा की नैवेद्य शिजवताना चाखायचा नाही. बरोबर आहे, आपल्या सगळ्यांकडे तसंच आहे. देवाच्या आधी आपलं तोंड लागलं तर ते उष्टं झालं. मीठ पुरेसं आहे का, वासावर ओळखायचं. तिखट किती, रंगावर ओळखायचं. आणि काकू ओळखायच्या! सव्वीस वर्षांत भाजी खारट झाली नाही, वरण अळणी झालं नाही. पुजारी अण्णाभट म्हणायचे, "शरयूच्या नाकाला जीभ आहे."

आता ऐका. सव्वीस वर्षं एखादी गोष्ट केली की ती हातात जाऊन बसते. काकू देवळाचं सोडा, घरचंही चाखेनात. पोहे केले, चाखले नाहीत. आमटी केली, चाखली नाही. वाढायच्या आधी देवापुढं ठेवायचं, तुळशीपत्र घालायचं, पाणी फिरवायचं, मग काकांचं ताट. काकू स्वतः जेवणार सगळ्यात शेवटी. घरातल्या अन्नाची चव त्या घरात पहिल्यांदा कळायची ती दिगूकाकांना.

आणि दिगूकाका कसे? एकतीस वर्षं ज्या गाडीवर पाठवलं त्या गाडीवर गेले. ब्रेक जड आहे, चालवली. काच फुटकी आहे, चालवली. डेपोत कधी तक्रार लिहिली नाही. ताटात जे आलं ते खाल्लं. "कसं झालंय?" हे काकूंनी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. अडतीस वर्षांचा संसार, मंडळी! किती सुखाचा! हसू नका. तुमच्याकडे काय वेगळं आहे?

तर फाल्गुनात काय झालं, गावातल्या शाळेत एक शिबिर आलं. रसाहार शिबिर! चिपळूणच्या एक कल्याणीताई म्हणून, योग शिकवतात, बोलणं गोड, त्या आल्या. सात दिवस जड अन्न बंद, फक्त रस. सकाळी दुधीचा, दुपारी कोहळ्याचा, संध्याकाळी काकडीचा. पोटाला विश्रांती, शरीर आतून स्वच्छ. गावातली तीसेक माणसं जमली. त्यातली वीस फुकटचा सरबताचा पेला मिळेल म्हणून आली होती, ती दुधी बघून परत गेली!

दिगूकाका मात्र बसले. ऐकता ऐकता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. घरी येऊन म्हणाले, "अगो शरयू, मला पटलं. गाडीची टाकी साफ करायची तर आधी रिकामी करायला लागते. भरलेल्या टाकीत कचरा खाली बसतो. मी बारा वर्षं नुसता वरून भरतोय."

काकू म्हणाल्या, "तुम्ही माणूस आहात, गाडी नव्हे."

"पण पाय बरा झाला तर चैत्रात खांदा देईन."

झालं! एवढं ऐकलं आणि काकू विरघळल्या. कारण गेल्या वर्षी ओटीवर बसून टाळ्या वाजवणारा माणूस त्यांनीही बघितला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी डॉक्टरीणबाईंना विचारायचं. त्या हो म्हणाल्या तर मी सगळं करीन."

काकू शहाण्या, हे लक्षात घ्या. अडाणीपणा कुठं नव्हता. तालुक्याला डॉक्टर सावंतबाई, त्यांनी नाक मुरडलं. म्हणाल्या, "काका, रसानं मधुमेह जात नाही. पण चहा-वडे सुटणार असतील तर सात दिवस करा. फळांचे रस नाहीत, उसाचा नाही. दुपारी मुगाचं कढण घ्यायचं. गोळी अर्धी करते, रोज सकाळी साखर तपासायची, आणि जरा काही वेगळं वाटलं की लगेच फोन." सगळं कागदावर लिहून दिलं. काकूंनी तो कागद देवघराशेजारी लावला.

कल्याणीताईंनीही एक गोष्ट सांगितली होती, पहिल्याच दिवशी, सगळ्यांदेखत. दुधी किसायच्या आधी एक चकती कापून चावून बघायची. कडू लागली तर अख्खी दुधी टाकायची. कडू दुधी म्हणजे विष, साधंसुधं नाही, जिवावर बेतणारं. तेव्हा बायका हसल्या. एक म्हणाली, "आमच्या मांडवावरची आहे हो, बाजारची नाही." काकूही हसल्या. त्यांच्या परसातही वेल होता, स्वतः लावलेला, स्वतः पाणी घातलेला. घरच्या दुधीवर कोण संशय घेतो?

सुरू झालं! पहिला दिवस, काकांचं डोकं दुखलं. चहा नाही ना. घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या, दोनदा विनाकारण मांजराला ओरडले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुनाफच्या घरातून कुयरीच्या भाजीचा वास आला. कोवळा फणस, खोबरं, फोडणी — काय सांगू! काका खिडकी लावून बसले. मुनाफ रिक्षा चालवतो, दिगूकाकांना लहानपणापासून मानतो. तो दारात येऊन म्हणाला, "काका, अम्मीनं वाटीभर पाठवलीय." काका म्हणाले, "मुनाफ, तुझ्या अम्मीला सांग, पाच दिवसांनी कढईभर पाठव. आज मला दाखवूसुद्धा नको." हा निग्रह! नानांना विचारा, एकादशीला ह्यांची खिचडीची तिसरी वाटी कोण मोजतो ते.

तिसऱ्या दिवशी सकाळी साखर तपासली. कमी! किती दिवसांत नव्हती इतकी कमी. अंग हलकं. काका अंगणात उघड्या पायांनी उभे राहिले आणि म्हणाले, "अगो, डाव्या अंगठ्याला गार लागतंय." काकू पायरीवर बसून रडल्या. आता तो अंगठा खरंच गार झाला होता की मनानं गार केला होता, मला माहीत नाही. पण त्या दिवशी त्या घरात आशा शिरली. आणि मंडळी, आशा शिरली की घर कसं होतं ठाऊक आहे ना? काकूंनी माळ्यावरून पालखीचा रुमाल काढला, खांद्यावर टाकायचा, जाड, लाल काठाचा. धुतला. वाळत घातला.

चौथा दिवस.

सकाळी काकूंनी मांडवावरची दुधी तोडली. दिसायला कशी? कोवळी, लांब, हिरवी, नख लावलं तर पाणी यावं. पण फाल्गुनातलं ऊन, सड्यावरची जमीन, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. काकूंचा सगळा जीव काकांच्या पेल्याकडे, तीन दिवस वेलाला पाणी घालायचं राहिलं. वेल तापला की दुधीत कडूपणा उतरतो. बाहेरून दिसत नाही. वास येत नाही. आणि काकू तर वासावर ओळखणाऱ्या!

दुधी किसली, फडक्यातून पिळली, आलं घातलं, पुदिना घातला, चिमूटभर सैंधव. पेला भरला. देवापुढं ठेवला. तुळशीचं पान सोडलं, पाणी फिरवलं, डोळे मिटले. काय मागितलं असेल हो त्यांनी? दागिना नाही मागितला. एक खांदा मागितला. मग तो पेला पदरानं धरून काकांना आणून दिला आणि दारात उभ्या राहिल्या.

काकांनी पहिला घोट घेतला. थांबले. काकूंकडे बघितलं. मग डोळे मिटून पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

अर्ध्या तासानं पोटात कळ आली. काका परसाकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. मग उलटी. एक, दोन, पाच. काकूंना वाटलं, शरीर आतून स्वच्छ होतंय! बघा, माणसाच्या मनाला काय काय वाटतं! त्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "निघू दे, निघू दे." सहाव्या उलटीत रक्त दिसलं. काकांचा हात धरला तर तो थंडगार. हाक मारली तर उत्तर नाही, नुसतं बघतायत.

तेव्हा काकू धावल्या. सोवळ्यात होत्या, तशाच. मुनाफच्या अंगणात उभं राहून म्हणाल्या, "रिक्षा काढ रे, ह्यांना बघ." मुनाफनं काकांना दोन्ही हातांवर उचललं. नैवेद्याची चूल तशीच पेटलेली, सोवळं बाटलं, कुणाला भान! घाट उतरून तालुक्याला वीस मिनिटांत पोचले. ज्या रस्त्यानं काकांनी एकतीस वर्षं माणसं सुखरूप नेली, त्या रस्त्यानं ते स्वतः आडवे पडून गेले.

डॉक्टर सावंतबाईंनी बघितलं. रक्तदाब पार खाली. सलाईन लावलं, एक नाही, दोन्ही हातांना. मग बाहेर येऊन विचारलं, "सकाळी काय दिलंत?"

"दुधीचा रस."

"चाखला होतात?"

मंडळी, ह्या प्रश्नाला काकूंनी काय उत्तर दिलं, ऐका. त्या म्हणाल्या, "देवाला दाखवला होता. चाखीन कशी?"

डॉक्टरीणबाईंनी काकूंना बाकावर बसवलं. मग म्हणाल्या, "काकू, ह्याला उतारा नाही. पाणी आणि मीठ देत राहायचं आणि वाट बघायची. उद्या सकाळपर्यंत रक्तदाब टिकला तर आपण जिंकलो."

वाट बघायची! सांगायला दोन शब्द. बघणाऱ्याला विचारा.

दुपारी मुनाफ म्हणाला, "काकी, मी बसतो इथं. तुम्ही घरी जाऊन काकांचे कपडे घेऊन या, तुमचंही बदला." दुसऱ्या रिक्षानं काकू घरी आल्या. स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर फडकं तसंच, त्यात दुधीचा चोथा. काकूंनी चिमूटभर चोथा उचलला आणि जिभेवर ठेवला.

कडू. असा कडू की कानशिलं आवळली. थुंकल्या, चूळ भरली, गुळाचा खडा तोंडात धरला. जाईना. आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. हे असं, पेलाभर, ह्यांनी माझ्यादेखत प्यायलं. आणि मी दारात उभी होते.

कपड्यांची पिशवी हातात घेऊन त्या तडक देवळात गेल्या. अण्णाभट गाभाऱ्याबाहेर बसले होते, चौऱ्याऐंशी वर्षांचे, निम्मं दिसत नाही. काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अण्णा, उद्यापासून नैवेद्य माझ्याकडे नको. मी माझ्या हातानं नवऱ्याला विष दिलं. देवापुढं ठेवून दिलं. देवानं सांगितलं नाही मला."

आता इथं एखादा असता तर म्हणाला असता, परीक्षा बघितली हो देवानं. एखादा म्हणाला असता, काहीतरी चुकलं असेल तुमचं सोवळ्याओवळ्यात. पण अण्णाभट तसे नव्हते. ते म्हणाले, "बस आधी." मग म्हणाले, "शरयू, हा केशव नैवेद्य कसा खातो?"

"दृष्टीनं."

"त्याला आतडी आहेत?"

काकूंनी मान आडवी हलवली.

"तू सव्वीस वर्षांत एकदा कडू वाढलं असतंस तरी तो दुसऱ्या दिवशी अभिषेकाला उभा राहिला असता. त्याचं काय बिघडतंय? म्हणून त्याच्या ताटाला चाखायची गरज नाही, असं आपण ठरवलं. दिगूला आतडी आहेत. तो देव नाही. तू त्याचा देव केलास आणि देवासारखं वाढलंस. तिथं चुकलं. देवापुढं विश्वास ठेवायचा, बाई. माणसापुढं पेला ठेवायचा तर आधी आपण प्यायचा."

काय बोलले बघा! मी शास्त्र शिकलो, सभा केल्या, एवढं सरळ मला कधी सांगता आलं नाही.

काकू म्हणाल्या, "मग नैवेद्याला दुधी घालायचीच नाही का यापुढं?"

"घाल की. देठाकडची चकती काप, बाजूला काढ. ती तुझी. ती चावून बघ. ती गोड असेल तर उरलेली दुधी देवाची, तिला तुझं तोंड लागलेलं नाही. नेम मोडला नाही आणि माणूसही वाचला. उद्या सकाळी तू तिकडं थांब, नैवेद्य मी दूधसाखरेचा दाखवतो. तो समजून घेईल. तिकडं ज्याला समजायला वेळ लागेल, त्याच्यापाशी जा."

एवढी साधी गोष्ट, मंडळी! कल्याणीताईंनी सांगितली तीच. तेव्हा ऐकली, पण ती आपल्यासाठी आहे असं वाटलं नाही.

काकू परत तालुक्याला गेल्या. खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या. रक्तदाबाचं यंत्र दर थोड्या वेळानं फुगायचं, आकडा दाखवायचं, काकू तो बघायच्या. आकडा वाचता येत होता, अर्थ परिचारिकेला विचारायच्या. "बरा आहे का गो?" "आहे तिथंच आहे, काकू." असं करत करत उजाडलं. आणि पहाटेनंतर आकडा एक पायरी चढला. मग आणखी एक. डॉक्टरीणबाई राउंडला आल्या, बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या.

दिगूकाकांनी डोळे उघडले. ओठ सुकलेले. काकूंनी चमच्यात पाणी घेतलं. आणि मंडळी — आधी स्वतःच्या ओठाला लावलं. मग त्यांना पाजलं. सव्वीस वर्षांत नाही, अडतीस वर्षांत पहिल्यांदा!

काकांनी घोट गिळला. मग पुटपुटले, "कडू होता गो."

"ठाऊक आहे. चोथा खाल्ला मी." काकूंनी चमचा खाली ठेवला. "पहिल्या घोटालाच कळलं ना तुम्हाला? मग थुंकलात का नाही? बोललात का नाही?"

काकांनी सुकल्या ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाले, "तू दारात उभी होतीस. तुझं तोंड बघितलं. रुमाल धुऊन वाळत घातलेलास. म्हटलं, एवढं केलंय हिनं, कडू आहे असं कसं सांगू."

ऐकलंत?

ह्या माणसाला मारत होती ती नुसती दुधी नव्हे. एकानं विचारलं नाही प्रेमापोटी आणि दुसऱ्यानं सांगितलं नाही, तेही प्रेमापोटी. दोघांचंही प्रेम खरं होतं! खोटं असतं तर एकानं पेला फेकला असता आणि गोष्ट तिथंच संपली असती.

पुढं काय झालं, विचारताय? दवाखान्यातून पाचव्या दिवशी काका घरी आले. रसाहार संपला, पण चहा-वडे परत आले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं चालणं सुरू झालं, आधी अंगणात, मग विहिरीपर्यंत, मग सड्यावर. गोळ्या वेळेवर. नाचणीची भाकरी, पालेभाजी, दुपारचं ताक. कल्याणीताई घरी येऊन काकूंपाशी रडल्या. काकूंनी त्यांना पाट दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं होतं हो. मीच ऐकलं नाही." कुणाला दोष नाही. आणि पुढच्या शिबिरात ताईंनी काय केलं माहीत आहे? पहिल्या दिवशी व्याख्यान नाही. सगळ्यांच्या हातात दुधीची एकेक चकती दिली आणि सांगितलं, आधी चावा, मग बोलू.

त्या चैत्रात काकांनी खांदा दिला नाही. ओटीवर बसले, टाळ्या वाजवल्या. काकू शेजारी बसल्या. पण त्याच्या पुढच्या चैत्रात — वर्षभर चालून, वजन उतरून, साखर आटोक्यात येऊन — काका दांडीपाशी उभे राहिले. पाय पूर्ण बरे झाले होते का? नाही! खोटं कशाला सांगू? मुंग्या पुन्हा यायला लागल्यात. पण मुंग्या आल्या म्हणजे पाय जिवंत आहे, असं काका आता म्हणतात. पहिली भोवती झाली. दुसरी झाली. तिसरीला काकांचा पाय जड पडायला लागला. आणि हा माणूस, ज्यानं एकतीस वर्षं गाडीची तक्रार केली नाही, ज्यानं कडू पेला मुकाट्यानं प्यायला, तो मागं वळून चारचौघांत म्हणाला, "मुनाफ, माझा पाय दमला. जरा धर रे."

मुनाफनं दांडीला हात लावायच्या आधी अण्णाभटांकडे बघितलं. अण्णाभट म्हणाले, "बघतोस काय, देव वाकडा होतोय." मुनाफ आत शिरला. पालखी हलली नाही. दिगूकाका बाजूला होऊन पालखीच्या बरोबरीनं चालत राहिले, पाचव्या भोवतीपर्यंत. काकू म्हणतात, मला तीनच भोवत्यांची लाज वाटली नाही, मला त्या एका वाक्याचा अभिमान वाटला.

आजी, आता सांगा. मान हलवायची आहे का? देवाची रीत आणि माणसाची रीत एकच का? देवाला न विचारता वाढता येतं. त्याला कमी काय आणि जास्त काय! पण घरातल्या माणसाला विचारावं लागतं. चव विचारावी लागते, पाय दुखतो का ते विचारावं लागतं, झोप लागली का ते विचारावं लागतं. आणि नुसतं विचारून भागत नाही. ज्याला विचारलं त्यानं खरं सांगावं लागतं.

मंडळी, हा प्रश्न मी तुमच्यावर टाकून मोकळा होत नाही. गेली बावीस वर्षं कीर्तनाला उभा राहायच्या आधी माझी बायको मला ज्येष्ठमधाचा काढा देते. गळा चांगला राहावा म्हणून. बावीस वर्षं मला तो आवडत नाही! ती दारात उभी असते, मी पितो, आणि म्हणतो, वा. ही गोष्ट मला खांबापाशी बसलेल्या त्या पाहुण्यांनी सांगितली तेव्हा मला माझाच पेला आठवला. म्हटलं, रोज सभेत उभा राहून सत्य सांगतो, आणि सत्याची सुरुवातच घरात एका खोट्या घोटानं करतो. गेल्या महिन्यात मी तिला सांगितलं. ती काय म्हणाली असेल? म्हणाली, "मग इतकी वर्षं मी कशाला उकळत बसले? मलाही त्याचा वास सहन होत नाही!"

हसा, हसा. पण हसता हसता आपापल्या घरात डोकावून बघा. तुमच्यापैकी कितीजण आज एखादा कडू पेला मुकाट्यानं पितायत? सून पितेय, सासू समोर उभी आहे म्हणून. मुलगा पितोय, बाप एवढा खपलाय म्हणून. नवरा पितोय, बायको पितेय. छातीत कळ येते पण घरी सांगत नाही. जीव नकोसा होतो पण चेहरा हसरा. का? तर समोरच्यानं एवढं केलंय, त्याला वाईट वाटेल. आणि तुमच्यापैकी कितीजण दारात उभे आहात, हात जोडून, मन भरून, पेला रिकामा होताना बघत — आणि आत काय होतं ते तुम्ही कधी चाखलंच नाही?

तुम्ही माझं काही देणं लागत नाही. बिदागी नको, नारळ नको. आज घरी जाल, ताटं वाढली जातील. वाढणाऱ्यानं एक घास आधी स्वतःच्या तोंडात घालावा. आणि ज्याच्यासमोर ताट आलंय, त्यानं कडू असेल तर कडू म्हणावं. प्रेमानं म्हणा, हळू म्हणा, हात हातात घेऊन म्हणा. पण पेला रिकामा करण्याच्या आधी म्हणा.

केशवानं ते घर वाचवलं, तो तुमचंही वाचवो. नाना, सूर द्या. आता सगळ्यांनी त्याचं नाव मोठ्यानं घ्या, आणि नाव घेताना ज्याच्याशी आज खरं बोलायचं आहे, त्याच्याकडे वळून बघा.